प्रीडायबेटिस, ड जीवनसत्त्व आणि अंगातला दाह: मात्रा, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

नाडीठोका

मुंबईत घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबची पॅकेजं स्वस्त झाल्यापासून एक जोडी वारंवार दिसते: एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ६ च्या आसपास आणि ड जीवनसत्त्व १५ च्या खाली. मग सोसायटीच्या ग्रुपवर सल्ला फिरतो की ड कमी म्हणून दाह, दाह म्हणून साखर; तेव्हा ड ची पाकिटं सुरू करा, साखर आपोआप उतरेल. या साखळीची प्रत्येक कडी थोडीथोडी खरी आहे, पण पूर्ण साखळी तेवढा भार पेलत नाही. लॅब (प्रयोगशाळा_परळ), फार्मसी (मात्रा) आणि आहार (ताटवाटी) या तिन्ही बाजूंचे जाणकार या धाग्यावर आहेत, म्हणून एकदा नीट लिहून ठेवू.

प्रीडायबेटिस म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी: उपाशीपोटी साखर १०० ते १२५, किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४, किंवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर १४० ते १९९. (जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची खालची रेघ ११० वर धरते, म्हणून दोन डॉक्टर एकाच रिपोर्टवर वेगळं बोलू शकतात.) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक या अलीकडच्या पायरीवर आहेत.

इथला दाह म्हणजे जखमेची लाल सूज नव्हे. पोटातल्या चरबीच्या पेशी फुगल्या की त्यांच्या आजूबाजूला मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं सोडत राहतात. इंटरल्यूकिन-६ यकृतापर्यंत पोचलं की यकृत सीआरपी नावाचं प्रथिन तयार करतं, दाहाची खूण म्हणून तेच आपण मोजतो. टीएनएफ-अल्फामुळे इन्सुलिनचा निरोप पुढे नेणाऱ्या आयआरएस-१ या प्रथिनावर भलत्याच जागी फॉस्फेट चिकटतो. इन्सुलिन दार ठोठावतं, पण आत निरोप जात नाही.

ड जीवनसत्त्वाचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप पकडणारी प्रथिनं, रोगप्रतिकारक पेशींतही आहेत आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींतही. दाहाची कळ दाबणारं एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन ड मुळे आवरलं जातं, हे काचपात्रातल्या पेशींत स्पष्ट दिसतं. माणसांत चित्र इतकं स्वच्छ नाही. अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत २५,८७१ लोक होते, मात्रा रोज २००० युनिट. त्यातल्या एका गटात दुसऱ्या वर्षी सीआरपी थोडा उतरलेला दिसला, चौथ्या वर्षी तो फरक टिकला नव्हता.

आणि एक उलटी बाजू आहे, ती बहुतेक लेखांत येत नाही. दाह वाढला की रक्तातला ड चा आकडा आपणहून खाली येतो. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांत तो घसरतो, तेवढ्यात कुणाचं ऊन कमी झालेलं नसतं. शिवाय ड चरबीत विरघळतं. चरबी जास्त असली की ते मोठ्या जागेत पसरतं आणि रक्तात कमी दिसतं. म्हणजे सुटलेल्या पोटाच्या माणसात कमी ड हे पुष्कळदा दाहाचं कारण नसून दाहाची आणि चरबीची खूण असते.

मुलुंडकर

पण मधुमेह लांबतो का, याच्या थेट चाचण्या झाल्या असतील ना? तिथे काय निघालं?

नाडीठोका

तीन मोठ्या झाल्या.

डी-टू-डी ही अमेरिकेतली, २०१९. प्रीडायबेटिस असलेले २४२३ लोक, रोज ४००० युनिट, मध्यक पाठपुरावा अडीच वर्षं. ड घेणाऱ्यांत मधुमेहाचा धोका १२ टक्के कमी दिसला, पण हा फरक योगायोगानेही येऊ शकेल एवढाच होता, म्हणून निकाल सिद्ध धरला नाही. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या चाचणीत ५११ लोकांना आठवड्याला २०,००० युनिट पाच वर्षं दिली, तिथेही स्पष्ट फरक नाही. जपानमध्ये एल्डेकॅल्सिटॉल हे ड चं सक्रिय रूप १२५६ लोकांत तपासलं, २०२२ साली निकाल आला, तोही काठावरच राहिला.

२०२३ मध्ये या तिन्हींतल्या प्रत्येक माणसाची माहिती एकत्र करून पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा धोका १५ टक्के कमी झाल्याचं दिसलं. ऐकायला मोठं वाटतं. प्रत्यक्षात तीन वर्षांत दर १०० माणसांमागे साधारण ३.३ जणांचा मधुमेह टळला किंवा पुढे ढकलला गेला, म्हणजे ३० जणांनी तीन वर्षं रोज घ्यायचं तेव्हा एकाला फायदा.

याच्या शेजारी भारतातली चाचणी ठेवा. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या कामात ५३१ लोक होते. फक्त चालणं आणि आहार बदलून तीन वर्षांत धोका २८.५ टक्के कमी झाला, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने २६.४ टक्के. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या चाचणीत जीवनशैलीच्या गटात ५८ टक्के. ड ची जागा या रांगेत शेवटची आहे, पण रांगेत आहे.

डी-टू-डी मधली एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची. त्या लोकांचा सुरुवातीचा सरासरी आकडा २८ च्या आसपास होता, म्हणजे बहुतेकांना कमतरता नव्हतीच. भरलेल्या माठात पाणी ओतलं तर पातळी काय वाढणार? ज्यांचा आकडा १२ च्या खाली होता त्या छोट्या गटात धोका ६० टक्क्यांहून जास्त कमी दिसला. तो गट जेमतेम शंभरेक लोकांचा आणि हिशेब नंतर केलेला, म्हणून त्यावर इमारत बांधू नये. पण आपल्याकडे १२ च्या खालचे रिपोर्ट रोजचेच आहेत, तेव्हा कमतरता असेल तर ती भरलीच पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

प्रयोगशाळा_परळ

तपासणीत होणाऱ्या चुकांमुळे निम्मे वाद होतात, म्हणून सविस्तर लिहितो.

मागायची तपासणी '२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी'. '१,२५-डायहायड्रॉक्सी' ही वेगळी, महाग आणि इथे निरुपयोगी. कमतरता असतानाही ती नॉर्मल किंवा जास्त येऊ शकते. एकक पाहा: भारतात बहुधा नॅनोग्रॅम प्रति मिली असतं, परदेशी लेखांत नॅनोमोल प्रति लिटर. नॅनोग्रॅमला २.५ ने गुणलं की नॅनोमोल. त्यामुळे परदेशी लेखातला ५० म्हणजे आपला २०. हे न पाहता '५० पाहिजे म्हणतात आणि माझा तर २२ आहे' अशी घबराट होते.

२० च्या खाली कमतरता, यावर बहुतेकांचं एकमत आहे. २० ते ३० हा वादाचा पट्टा. एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेने २०११ साली ३० चं लक्ष्य सांगितलं होतं, २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ते मागे घेतलं. आपल्या लॅबच्या रिपोर्टवर ३० ची जुनी रेघ अजून छापून येते, म्हणून २६ आकडाही लाल दिसतो.

केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी निदान ७२ तास बंद ठेवा. त्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असतं आणि काही यंत्रांवर त्यामुळे ड चा आकडा खोटाच जास्त येतो.

आता एचएस-सीआरपी. साधा सीआरपी वेगळा, हा वेगळा. चिठ्ठीवर 'हाय सेन्सिटिव्हिटी' लिहून घ्या. १ च्या खाली उत्तम, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त, एकक मिलिग्रॅम प्रति लिटर. १० च्या वर आला तर त्या दिवशी कुठलातरी संसर्ग चालू आहे असं समजून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. जुलै-ऑगस्टमध्ये ताप, सर्दी, डेंग्यू उतरल्यावर लगेच केलेला, दाढ काढल्यावर किंवा लस घेतल्यावर आठवड्यात केलेला सीआरपी प्रीडायबेटिसबद्दल काहीच सांगत नाही. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करून सरासरी धरावी, एका आकड्यावर निर्णय नको.

एचबीए१सी सुद्धा फसवतो. लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया असेल तर तो खोटा वर येतो. मासिक पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या स्त्रीचा ५.९ आला आणि हिमोग्लोबिन ९ असेल तर आधी लोह भरून मग पुन्हा तपासा. बीटा थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष) असेल तरी आकडा भरवशाचा नाही. सिंधी, लोहाणा, भानुशाली समाजांत हे प्रमाण जास्त असतं, आणि उल्हासनगर-मुलुंड पट्ट्यातल्या लॅबना ते नवं नाही. अशा वेळी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणीच करावी.

मुलुंडकर

मुलुंडचा उल्लेख आलाच आहे तर विचारतो, आमच्याकडे सगळ्यांना ६०,००० ची पाकिटंच का देतात? चाचण्यांत तर रोज ४००० दिसतंय.

मात्रा

सोय म्हणून. आठवड्यातून एक पुडी लक्षात राहते, स्वस्त पडते. पण सगळ्या गडबडीचं मूळही तीच आहे. हिशेब मांडतो.

४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम. ४००० युनिट म्हणजे १०० मायक्रोग्रॅम, ६०,००० म्हणजे १५०० मायक्रोग्रॅम किंवा दीड मिलिग्रॅम. ६०,००० दर आठवड्याला घेतलं तर रोजचे साधारण ८५७० युनिट होतात. महिन्याला एक घेतलं तर रोजचे २०००. रोजची गरज ६०० आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवायची वरची मर्यादा ४००० धरतात, तेव्हा आठवड्याची पुडी हा कमतरता भरायचा डोस आहे, कायम घ्यायचा नाही.

नेहमीचा क्रम असा: २० च्या खाली असेल तर ६०,००० आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. मग थांबून रोज १००० ते २००० ची गोळी, किंवा महिन्याला एक पुडी. वजन जास्त असेल तर दुप्पट-तिप्पट लागू शकतं, ते डॉक्टरांनी ठरवावं.

चुका, ज्या काउंटरवर वारंवार कळतात:

आठ पुड्या आठ दिवसांत संपवणे. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' मराठीत लिहून, वर वारही लिहून द्यावा. 'दर रविवारी' असं लिहिलं की चूक होत नाही.

आठ आठवड्यांनंतर थांबायला कुणी सांगत नाही आणि तीच चिठ्ठी वर्षभर चालते.

बेरीज न करणे. पुडी, मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियमची गोळी, प्रोटीन पावडर, सगळ्यांत ड असतं. प्रत्येक डब्यावरचे युनिट एका कागदावर लिहा.

कॅल्सिट्रिऑलला ड समजणे. कॅल्शियमच्या बऱ्याच गोळ्यांत ०.२५ मायक्रोग्रॅम कॅल्सिट्रिऑल असतं. ते ड चं सक्रिय रूप. त्याने २५-हायड्रॉक्सीचा आकडा वाढत नाही, साठा भरत नाही, आणि रक्तात कॅल्शियम वाढण्याचा धोका मात्र जास्त. पाकिटावर 'कोलेकॅल्सिफेरॉल' (म्हणजे डी३) असेल तेच साठा भरणारं.

रिकाम्या पोटी चहाबरोबर घेणे. दिवसातलं सगळ्यात स्निग्ध जेवण निवडा. गोळी किंवा कॅप्सूल जेवण झाल्यावर, पुडी कपभर सायीच्या दुधात. पुडीत साखर असते म्हणून प्रीडायबेटिसवाले बिचकतात. पुडीच एक ग्रॅमची, तीही आठवड्यातून एकदा, तेवढ्याने काही होत नाही.

सहा लाखांचं एकच इंजेक्शन घेऊन मोकळे होणे, हे मला अजिबात पटत नाही. ऑस्ट्रेलियात २०१० साली २२५६ वयस्कर स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट तोंडावाटे दिले, तर पडण्याचं आणि हाडं मोडण्याचं प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलं. एंडोक्राइन सोसायटीच्या २०२४ च्या सूचनाही पन्नाशीपुढे मोठ्या, लांब अंतराच्या डोसऐवजी रोजचा छोटा डोस सुचवतात. प्रीडायबेटिसमध्ये जास्त धोका असलेल्यांना जीवनशैलीच्या बदलांबरोबर ड द्यावं असंही त्या सांगतात. ज्या चाचण्यांवर हे आधारलं आहे त्यांत सरासरी डोस रोज ३५०० च्या आसपास होता.

शाकाहारी मंडळी विचारतात म्हणून: डी३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या लॅनोलिनपासून बनतं आणि मऊ कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं. ते चालत नसेल तर लायकेनपासूनचं (दगडफुलाच्या जातीतलं) डी३ मिळतं, किंवा डी२. डी२ थोडं कमी टिकतं, आणि काही लॅबची यंत्रं ते कमी मोजतात.

ताटवाटी

उन्हाबद्दल. शिवाजी पार्कला सकाळी सहा-सातला चालणाऱ्यांना वाटतं ऊन मिळालं. चालण्याचा फायदा पूर्ण मिळतो, ड चा जवळजवळ शून्य. त्वचेत ड बनवणारे यूव्हीबी किरण सूर्य तिरपा असताना हवेतच गाळले जातात. साधी खूण: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच ड बनतं.

मुंबई १९ अंश अक्षांशावर. मेमध्ये सकाळी साडेनऊ-दहापासून सावली आखूड होते. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य ४७ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणून त्या महिन्यात साडेबारा-एकच्या आगेमागे थोडाच वेळ मिळतो. जून ते सप्टेंबर ढग, हिवाळ्यात धुरकं, आणि टॉवरांच्या मधल्या गल्लीत तर दुपारीही सावली. लोकलच्या बंद काचेतून किंवा ऑफिसच्या खिडकीतून येणारं ऊन उपयोगाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेच्या कैकपट वेळ लागतो. जमेल तसं दुपारी हात-पाय उघडे ठेवून पंधरा ते तीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चारदा. पण मेच्या उन्हात त्वचा लाल होईपर्यंत थांबायचं नाही. आणि १० चा आकडा नुसत्या उन्हाने भरायचा हट्ट नको, फार महिने जातात.

जेवणातून फारसं येत नाही, हे मान्य करूनच चला. अंड्याच्या बलकात ४० युनिटच्या आसपास. बांगडा, तारली अशा तेलकट माशांत त्याहून चांगलं. 'प्लस एफ' खूण असलेल्या दुधात लिटरमागे २०० ते ३०० युनिट घातलेले असतात, म्हणजे एका पेल्यात ४० ते ६०. तेवढ्यासाठी दूध वाढवू नका, पण घेताच आहात तर पिशवीवर खूण पाहून घ्या.

मुलुंडकर

समजा आकडा ८५ झाला आणि पुडी चालूच आहे. काही त्रास होत नसेल तर चालू ठेवायचं?

नाडीठोका

नाही, बंद. ८५ म्हणजे विषबाधा नव्हे. ती बहुधा १५० च्या पुढे दिसते आणि सोबत रक्तातलं कॅल्शियम चढलेलं असतं. पण ८५ वर घेत राहण्याने मिळण्यासारखं काही नाही. ड चरबीत साठलेलं असतं, त्यामुळे बंद केल्यावरही आकडा सावकाश, काही महिन्यांत उतरतो.

प्रीडायबेटिसवाल्यांसाठी एक धोक्याची जागा. कॅल्शियम चढलं की तहान लागते, लघवी जास्त होते, थकवा येतो. हीच मधुमेहाचीही लक्षणं. घरचे साखर तपासतात, ती १३० निघते, 'वाढली थोडी' म्हणतात आणि खरं कारण राहून जातं. मळमळ, बद्धकोष्ठता, भूक मेलेली असं सोबत असेल आणि ड ची पुडी चालू असेल तर त्याच दिवशी रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) करा.

ड सुरू करण्याआधी डॉक्टरांना हे सांगायलाच हवं: मुतखडा झालेला, मूत्रपिंडाचा आजार, सारकॉइडोसिस (अवयवांत दाहाच्या गाठी होणारा आजार), टीबी. टीबीच्या गाठींतल्या पेशी शरीराचं नियंत्रण न जुमानता स्वतःच ड सक्रिय करतात आणि कॅल्शियम चढू शकतं. मुंबईत हा मुद्दा पुस्तकी नाही.

मात्रा

औषधांची भर घालतो. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर लघवीतून कॅल्शियम कमी जातं, ड बरोबर ते रक्तात साचू शकतं. फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि टीबीवरचं रिफाम्पिसिन ड लवकर संपवतात, तिथे नेहमीचा डोस अपुरा पडतो. वजन उतरवायचं ऑर्लिस्टॅट घेत असाल तर ड आणि त्यात निदान दोन तासांचं अंतर. कॅल्शियम आणि थायरॉइडची गोळी यांत चार तास.

मेटफॉर्मिनवर असलेल्यांनी तळपायाची आग आणि मुंग्या ड च्या माथी मारू नयेत. ते औषध बी१२ कमी करतं. आधी बी१२ तपासा.

प्रयोगशाळा_परळ

पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी. रक्तातल्या ड चा अर्धायुकाल दोन ते तीन आठवड्यांचा, त्यामुळे नव्या डोसवर आकडा स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतोच. चार आठवड्यांत केली तर पैसे फुकट. एचबीए१सीसुद्धा तीन महिन्यांचा आरसा, म्हणून दोन्ही एकाच वेळी करा. पुडीच्या दुसऱ्या दिवशी रक्त देऊ नका, पुढची पुडी घेण्याआधी द्या. आणि त्याच लॅबमध्ये. यंत्र बदललं की चार-पाच अंकांचा फरक सहज पडतो.

मुलुंडकर

शेवटचा प्रश्न. तीन महिन्यांनी ड ३४ झाला, पण एचएस-सीआरपी ४.१ चा ४.० च राहिला. मग डोस वाढवायचा?

नाडीठोका

ड चं काम झालं, डोस वाढवू नका. ४.० मागचं कारण दुसरीकडे शोधा.

पहिला मेजरिंग टेप. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून. पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८०, ही आपल्यासाठीची रेघ. वजनकाट्यावर विसंबू नका. पुण्याच्या डॉ. याज्ञिक यांनी २००४ साली लंडनच्या डॉ. युडकिन यांच्यासह स्वतःच्याच उदाहरणाने दाखवलं होतं, दोघांचाही बीएमआय २२.३, पण चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१. आपण दिसायला बारीक असलो तरी पोटात चरबी असते आणि दाह तिथूनच निघतो.

दुसरे, हिरड्या. घासताना रक्त येतं का, दात हलतात का. हिरड्यांचा जुना संसर्ग सीआरपी वर्षानुवर्षं चढा ठेवतो आणि साखरही बिघडवतो. मिश्री लावायची सवय असेल तर दुहेरी नुकसान. दंतवैद्याकडून खोल सफाई करून घ्या, मग तीन महिन्यांनी सीआरपी.

तिसरं, झोप. जोरात घोरणं, दिवसा लोकलमध्ये उभ्या उभ्या डुलकी लागणं असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची (झोपेत श्वास अडण्याची) तपासणी.

आणि पोटाची सोनोग्राफी. यकृतावर चरबी निघाली तर सोबत एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) पाहा. वजन पाच ते सात टक्क्यांनी उतरलं की यकृतावरची चरबी हटायला लागते, म्हणजे ७५ किलोच्या माणसाचे चार ते पाच किलो.

ताटवाटी

त्या चार-पाच किलोंसाठी रात्रीच्या ताटापासून सुरुवात करा. भात मुदीएवढा, डाळ-उसळ दोन वाट्या, भाजी पाव ताट नव्हे अर्धं ताट, आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं चालणं, लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये का होईना. नाश्ता-जेवणाचे आठवड्याचे तक्ते मी वेगळ्या धाग्यावर टाकते.